रुंबा ही नुसती मौज नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला क्युबावरचा प्रवासलेख आवडीने वाचला. हवानाच्या जुन्या मोटारी, समुद्रकाठची संध्याकाळ, सगळं छान उतरलंय. पण तिथली माणसं हातातलं काम टाकून नाचायला लागतात, हे वाक्य मनाला लागलं. मी बावीस वर्षं तबला शिकवतो आणि क्युबाचे ताल मनापासून ऐकत आलोय, म्हणून लिहितो.

रुंबा, म्हणजे ढोल, गाणं आणि नाच यांची क्युबातली लोककला, काम टाकून आलेली नाही, कामाच्या जागीच वाढली. हवाना आणि मातान्सासच्या गोदीत राबणारे हमाल, कितीतरी जण आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांची मुलंनातवंडं. तिथली गुलामगिरी १८८६ साली संपली. ढोलांवर सरकारची वेळोवेळी बंदी. मग खारवलेल्या माशांची लाकडी खोकी उलटी करून त्यांवरच ताल धरला. आजही त्या तऱ्हेची खोकी वाजतात, त्यांना काहोन म्हणतात.

आणि क्लावे! वीतभर लांबीच्या दोन लाकडी दांड्या. डावा तळवा खोलगट करायचा, एक दांडी त्यावर नुसती टेकवायची; आवळून धरली की नाद बसतो. दुसरीने पाच आघात. सोळा मात्रा मोजल्या तर सोन या क्युबातल्या संगीतप्रकारात ते १, ४, ७, ११, १३ वर पडतात. रुंबात तिसरा आघात सातवरून आठवर सरकतो. फरक एवढाच, पण सगळा डौल बदलतो. माझ्या वर्गातल्या मुलांना ती आठवी मात्रा पकडायला पंधरा दिवस लागले. रुंबाच्या कोलंबिया या प्रकारात तर नाचणारा एकटा उभा राहतो आणि किंतो हा चढ्या सुराचा ढोल त्याच्या पावलांना जागच्या जागी उत्तर देतो. हे येण्यासाठी माणसं जन्म घालवतात.

आपल्याकडच्या नृत्यवर्गांत रुंबा म्हणून शिकवतात ते बॉलरूमचं नृत्य, सोन आणि बोलेरो (संथ प्रेमगीतांचा प्रकार) यांवरून क्युबाबाहेर घडलेलं. गोदीतल्या रुंबेशी त्याचं नावापुरतंच नातं. युनेस्कोने २०१६ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून यादीत घेतली ती गोदीतली.

पुढच्या एखाद्या रविवारी मातान्सासला अर्धं पान द्याल का? ‘लोस मुन्येकितोस दे मातान्सास’ हा तिथला संच १९५२ पासून वाजवतोय, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. क्लावेच्या मात्रा हव्या असतील तर मी लिहून पाठवतो.

आपला,
एक तबलाशिक्षक, सांगली