ले-आऊटच्या नकाशात नाला आणि लवणही दाखवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावांना लागून असलेली वावरे आमच्या भागात एकामागून एक ले-आऊटखाली जात आहेत. घरे हवीत, त्यामुळे त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु ग्राहकाला दाखवल्या जाणाऱ्या नकाशात रस्ते, खुली जागा, मंदिराची जागा हे सर्व ठळकपणे काढलेले असते आणि ज्या वाटेने वरच्या शिवाराचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरते, ती वाट मात्र त्यात कुठेच नसते. वर्षातले आठ महिने कोरडा असणारा नाला किंवा उथळ लवण (पावसाचे पाणी उतरण्याची खोलगट जागा) ही प्लॉट विकणाऱ्याच्या दृष्टीने फक्त मुरूम टाकून सपाट करायची जागा ठरते, आणि याच गोष्टीसाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या शिवारात असेच एक लवण भरले गेले. नव्या रस्त्याखाली पाण्यासाठी एकच सिमेंटचा पाइप टाकला होता. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात वरून वाहत आलेली पऱ्हाटी, तुराट्या आणि खताच्या रिकाम्या चुंगड्या त्याच्या तोंडाशी अडकल्या आणि पाणी रस्त्याच्या कडेने फिरले. एका बाजूला त्याने धुरा (शेताचा बांध) फोडून कपाशीचे वावर खरडून नेले. दुसऱ्या बाजूला ते त्याच ले-आऊटमधील नव्या घरांत शिरले, आणि लोकांना गव्हाची पोती पलंगावर रचून रात्र काढावी लागली. आपली काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी मुरवून घेत नाही, ते वरून वाहणारच. वाट बुजवली म्हणून पाणी थांबत नाही. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून तिथे घर बांधले, त्यांना खरेदीच्या वेळी याविषयी कोणी एका शब्दाने सांगितले नव्हते, याचे मला अधिक वाईट वाटते.

याबाबत कायदा गप्प नाही. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीवर वाहू दिले पाहिजे, हा हक्क १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने मान्य केलेला आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे शेतजमिनीवरील पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला घातलेला अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मात्र हा दावा अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि आपल्याकडे पंचनामा, मग गावातली बैठक, मग दिवाळी, असे करता करता ती मुदत निघून जाते. शेतकऱ्यांनी ही मुदत पक्की लक्षात ठेवावी.

विदर्भात याहून जवळचे एक साधन आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६५ खाली गावागावाचा ‘वाजिब-उल-अर्ज’ तयार करण्याची तरतूद आहे. खाजगी जमिनीतून कोणाची वहिवाट आहे, सिंचनाचे पाणी कोणत्या वाटेने जाते, इतर कोणते सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीच्या वापराचे हक्क, गावात चालत आले आहेत, या रूढींची ती सरकारी नोंद होय. गाव नकाशावरचा नाला बहुतेक सरकारी असतो, त्यामुळे त्यावरील अतिक्रमण निदान दाखवून देता येते. खरा प्रश्न खाजगी सातबारातून जाणाऱ्या लवणाचा आहे, आणि तिथे ही नोंदच उपयोगी पडू शकते. ले-आऊट मंजूर करताना ती काढून पाहिल्याचे मी तरी ऐकलेले नाही. संहितेच्या कलम ४२-ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन अकृषिक करणे सोपे झाले, ही सोय गरीब माणसाच्या भल्याची आहे. पण नेमक्या याच पट्ट्यात गावाचे सगळे पाणी येऊन मिळते, म्हणून तिथे जागेवर जाऊन पाहणी होणे अधिकच गरजेचे आहे.

नदीकाठच्या गावांसाठी पूररेषांचा नियम आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात जोत्याची उंची लाल रेषेपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवी. शंभर वर्षांचा पूर म्हणजे आपल्या हयातीत न येणारा पूर, असा समज पसरलेला आहे. तो धोकादायक आहे, कारण असा पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक असते आणि ती दरवर्षी तेवढीच राहते. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाडमध्ये दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या गावाचे दुःख विदर्भाने विसरता कामा नये. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. महानगरात हे घडते, तर जिथे साधा अभियंताही नेमलेला नसतो अशा ग्रामपंचायतीच्या हद्दीत काय होईल, याचा विचार प्रशासनाने करावा.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. ले-आऊटच्या प्रत्येक नकाशावर जुना गाव नकाशा बसवून नाले आणि लवणे निळ्या शाईने दाखवणे सक्तीचे करावे, ती जागा विक्रीतून वगळावी, आणि रस्त्याखालच्या मोरीचा आकार वरच्या शिवाराचे क्षेत्र पाहून अभियंत्याने ठरवावा. खरेदीखताला हाच नकाशा जोडलेला असावा. तसेच तहसील कार्यालयांनी प्रत्येक गावाच्या वाजिब-उल-अर्जाची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी आणि १ मेच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवावी, म्हणजे मृग लागण्याआधी कोणती वाट बुजली आहे हे गावाला कळेल आणि ती मोकळी करायला महिनाभर तरी हाताशी राहील.

आपला,
एक शेतकरी वाचक,
जि. यवतमाळ