बाबा, तुम्ही त्या दिवशी घरी आलात तेव्हा

प्रिय आई, बाबा,

फोनवर आपलं बोलणं गोळ्या घेतल्या का आणि गुडघा कसा आहे यातच संपतं आणि सांगायचं ते राहून जातं, म्हणून लिहितेय. बाबांच्या डोळ्यांना ताण नको, आई तूच मोठ्याने वाच आणि मधेमधे स्वतःचे शेरे मारू नकोस प्लीज. (मारशीलच.)

हल्ली रात्री झोप लागत नाही, मग काहीबाही वाचत बसते. सॉक्रेटिस म्हटलं की आपल्याला तो विषाचा प्याला तेवढा माहीत, पण मला त्याची एक भलतीच गोष्ट सापडली. इ.स.पू. 404 मधे अथेन्स युद्ध हरलं आणि तिथे तीस जणांची हुकूमशाही आली, त्यांनी सॉक्रेटिस धरून पाच जणांना बोलावलं आणि सांगितलं की सलामिस बेटावर जा, तिथल्या लिऑनला पकडून आणा, त्याला मारायचंय. जितक्या जास्त लोकांचे हात बरबटतील तितकं त्यांना हवंच होतं. चौघं गेले आणि लिऑनला घेऊन आले. सॉक्रेटिस उठला आणि घरी गेला. एवढंच. थोड्याच दिवसांत ते सरकार पडलं म्हणून मी वाचलो, असं तो पुढे कोर्टात स्वतःच म्हणतो.

हे वाचलं आणि मला तुमचं ते बिल आठवलं बाबा. मी सातवीत होते. न झालेल्या कामाच्या बिलावर सही करा म्हणाले, तुम्ही केली नाहीत, आणि दोन महिन्यांत ट्रान्सफर. वर्षाच्या मधेच माझी शाळा बदलली, मैत्रिणी सुटल्या, आणि तो राग मी किती वर्षं धरून बसले होते ते तुम्हाला माहितीच आहे. एकदा भांडताना बोलूनही गेले की तत्त्वं तुमची आणि भोगायचं आम्ही. तुम्ही पेपर वाचत राहिलात.

आता गंमत बघा, हेच भांडण सॉक्रेटिसच्या क्रिटो नावाच्या मित्राने त्याच्याशी तुरुंगात केलंय. इ.स.पू. 399, म्हातारा 70 वर्षांचा, शिक्षा झालेली (30 मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटला असता!), पळून जायची सगळी सोय मित्रांनी लावलेली, आणि क्रिटो म्हणतो अरे तुला तीन मुलगे आहेत, त्यातले दोन अजून लहान, जन्माला घातलेस तर वाढवायचे कोणी? त्यावर सॉक्रेटिस शहराच्या कायद्यांच्या तोंडून बोलतो, आम्हीच तुला आईबापासारखं वाढवलं, मुलं आणि जीव आधी आणि न्याय नंतर असं करू नकोस. खरं सांगू, मला हे अजूनही पूर्ण पटत नाही. क्रिटोही चुकीचं काही बोलत नव्हता. पण एपिक्टेटस नावाच्या जुन्या तत्त्वज्ञाचं एक बरं वाटलं. तो गुलाम म्हणून जन्मलेला, पायाने अधू. तो म्हणतो प्रत्येक गोष्टीला दोन मुठी असतात, एकीने धरली तर उचलता येते, दुसरीने नाही. तुमची ती ट्रान्सफर मी वीस वर्षं नको त्याच मुठीने उचलायला बघत होते.

आता खरं ते सांगते. तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसात माझ्यापुढे एक रिपोर्ट आला, मागची तारीख घातलेला, ती तपासणी त्या तारखेला झालीच नव्हती. बाकीच्यांच्या सह्या झालेल्या होत्या. मी पण केली. वाद नाही, काही नाही, पेन घेतलं आणि केली. म्हणजे मी त्या चौघांतली.

मधे कुरोसावाचा इकिरू हा जपानी सिनेमा पाहिला, 1952 चा. वातानाबे नावाचा सरकारी साहेब, तीस वर्षं नुसते शिक्के मारलेले, पोटाचा कॅन्सर झाल्याचं कळतं आणि मग एका घाणेरड्या पाण्याच्या जागी मुलांसाठी बाग व्हावी म्हणून तो ऑफिसा-ऑफिसात नाक घासत फिरतो. बर्फात झोपाळ्यावर बसून तो गाणं म्हणतो त्या सीनला सगळे रडतात, मी पण रडले. पण झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने. तो गेल्यावर त्याचे सहकारी पिऊन शपथा घेतात की आता आपणही असंच काम करायचं, आणि नंतर ऑफिसात सगळं जैसे थे. आणि हो, तो आजाराचं मुलाला सांगायला जातो पण सांगताच येत नाही. मुलाला सगळं नंतर कळतं. ते बघून उठले आणि हे पत्र लिहायला घेतलं.

आई, आता तू म्हणशील आमचेच संस्कार कमी पडले. मार्कस ऑरेलियस या रोमन बादशहाने कुणाकडून काय शिकलो ते लिहून ठेवलंय, त्यात आईबद्दल म्हणतो की वाईट करायचं तर नाहीच पण मनातही आणायचं नाही हे तिने शिकवलं. एवढा शहाणा माणूस, आणि त्याचा मुलगा कोण तर क्रूर म्हणून बदनाम झालेला कॉमोडस! तेव्हा ते ओझं तुम्ही घेऊ नका.

तारीख चुकीची आहे असं सांगणारा मेल मी लिहून ठेवलाय. अजून पाठवला नाहीये.

सॉक्रेटिस घरी गेला एवढंच त्याचा शिष्य प्लेटो लिहितो, घरी जाऊन बायकोला, झँथिपीला काय म्हणाला ते लिहीत नाही. बाबा, बिलाच्या त्या दिवशी घरी येऊन तुम्ही आईला काय सांगितलंत? आणि आई, तू काय म्हणालीस? मी तेव्हा आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं होतं. रविवारी फोन करते, गुडघ्याचं मग बोलू.

तुमची,
मी