मुरडीचा कानवला

न्यूयॉर्क,
23 डिसेंबर

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आईने नेहमीसारखं विचारलं, "काय जेवलास?" आणि मी नेहमीसारखंच सांगितलं, "बाहेरच खाल्लं काहीतरी." त्या 'काहीतरी'बद्दल हे पत्र. फोनवर सांगत बसलो असतो तर बाबांनी मधेच "किती पैसे पडले?" विचारलं असतं, आणि आईने "म्हणजे नक्की कशाचं होतं ते?" म्हणून उलटतपासणी घेतली असती. कागदावर मला कुणी अडवत नाही.

सकाळी फ्लशिंगच्या गणपतीला गेलो होतो. सात नंबरच्या गाडीचं ते शेवटचं स्टेशन. वर रस्त्यावर आलं की दुकानांच्या पाट्या चिनी, माणसं चिनी, फुटपाथवर खोक्यांत रचलेली भाजीही आपण कधी न पाहिलेली. तिथून वीस-पंचवीस मिनिटं चाललं की बाउन स्ट्रीटवर देऊळ लागतं, गोपुर असलेलं, दक्षिणी धाटणीचं. 1977 च्या 4 जुलैला तिथे प्राणप्रतिष्ठा झाली. बाबा, हा बाउन म्हणजे इथला सतराव्या शतकातला एक रहिवासी. डच गव्हर्नरने क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना आसरा द्यायला बंदी केली, तेव्हा फ्लशिंगच्या गावकऱ्यांनी 1657 मध्ये त्याला लेखी विरोध कळवला. पुढे बाउनने आपल्या घरात क्वेकरांना प्रार्थना करू दिली म्हणून त्याला पकडलं. 1657, म्हणजे अफझलखान वाईला येऊन उतरला त्याच्या दोनच वर्षं आधी. हे खास तुमच्यासाठी शोधून ठेवलं होतं. आता घाटावरच्या मित्रमंडळींना सांगा.

एरवी मी देवळाच्या तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खाऊन परततो. परवा तिथे एवढी रांग होती की तसाच निघालो. हवा अशी की कान दुखत होते. स्टेशनच्या अलीकडे एका गल्लीत चार पायऱ्या खाली उतरून एक खानावळ आहे, काचेवर वाफ धरलेली. सहा टेबलं, त्यांवर पातळ प्लास्टिक, भिंतीवर फोटोंचा मेनू. काचेपाशीच एक बाई पिठाच्या लाट्या लाटत बसलेली असते. उन्हाळ्यापासून मी अधूनमधून तिथे जातो, तुम्हाला बोललो नव्हतो.

त्या बाईला सगळे 'आयी' म्हणतात. आई, हसू नकोस. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी, कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला म्हणायचं. पहिल्यांदा मी तशी हाक मारली तेव्हा माझंच मला कसंतरी झालं होतं. ती शेनयांगची, म्हणजे चीनच्या पार ईशान्येकडची. तिकडे थंडी कडाक्याची आणि तांदळापेक्षा गव्हाच्या पिठाचं प्रेम जास्त. तिच्याकडचे डंपलिंग म्हणजे 'ज्याओझ'. दिसायला हुबेहूब करंजी, फक्त लहान, दोन घासांची. पीठ नुसतं गव्हाचं आणि गार पाणी, मोहन वगैरे काही नाही. लाटणं वीतभर आणि बारीक, एका हाताने लाटायचं आणि दुसऱ्याने पारी फिरवत राहायची. कडा पातळ, मध्यभाग जाड. तू मोदकाची पारी करताना माझ्या हातावर चापट मारून हेच सांगायचीस, "मधे जाड ठेव, नाहीतर बुडातून फुटेल."

मग आयी सारण भरते, दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून एकदाच दाबते, की झालं. कळ्या नाहीत, मुरड नाही. दाबून कडेला ठेवलेले ते ताटात बुडावर टेकून बसतात, पंगतीला बसल्यासारखे. तळत नाहीत, उकळत्या पाण्यात सोडतात. पाण्याला उकळी आली की वाटीभर गार पाणी ओतायचं, परत उकळी, परत गार पाणी, असं तीन वेळा. त्यामुळे वरची पारी फाटत नाही आणि आतलं सारण शिजतं. वरणफळं आणि दिंडं यांच्या मधलं काहीतरी समज. तव्यावर तळाशी खरपूस भाजलेलेही मिळतात, पण आयी त्यांना फारसं मानत नाही असं तिच्या चेहऱ्यावरून वाटतं.

कशाचं होतं, ते सांगतो. अंडं आणि एक चपटी पात, लसणाच्या पातीची बहीण शोभेल अशी, शिवाय काचेसारख्या पारदर्शक शेवया. अंडं तुला चालत नाही हे माहीत आहे, पण मला चालतं हेही तुला माहीत आहे. पुढचा परिच्छेद फक्त बाबांसाठी, आई, तू गाळलास तरी चालेल.

बाबा, मटणाचेही मागवले. बारीक खिमा आणि गाजर, चावला की आतून गरम रस येतो, पहिल्या वेळी शर्टावर सांडला होता. सोबत चिकट तांदळापासून केलेला काळा व्हिनेगर आणि लसणाच्या कच्च्या पाकळ्या. शेजारच्या टेबलावरचे आजोबा पाकळी सोलून कचाकच चावत होते, अगदी तुम्ही भाकरीबरोबर बुक्कीने कांदा फोडून खाता तसे. शेवटी ज्या पाण्यात ज्याओझ उकळले तेच पाणी वाटीतून येतं, नुसतंच प्यायचं. पोटात गेलेलं त्यानेच पचतं म्हणे. किती पैसे पडले ते मात्र सांगत नाही, तुम्ही लगेच रुपयांत गुणाकार कराल.

परवा तिथेही गर्दी होतीच. वर्षातला सगळ्यात लहान दिवस, आणि त्यांच्या उत्तरेकडे त्या दिवशी ज्याओझ खायचेच असतात. गल्ल्यावर आयीचा भाचा बसतो, त्याला इंग्रजी येतं. त्याने कारण सांगितलं. हान राजवटीत एक वैद्य होते. कडक हिवाळ्यात गरिबांचे कान थंडीने फुटलेले बघून त्यांनी मटण आणि औषधी मसाले पिठाच्या पारीत कानाच्या आकारात भरले आणि उकळून सगळ्यांना वाटले. दंतकथाच ती. पण आपल्या कानवल्याच्या नावातही कान आहेच की.

आता खरं सांगायचंय ते. माझ्या मागच्या टेबलावर एक मुलगा आणि त्याची आई बसली होती, शेजारी मोठी बॅग, तिला विमानाची पट्टी. मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून होता. आई त्याच्या ताटलीत एकेक ज्याओझ सरकवत होती. स्वतः खात नव्हती. भाच्याला विचारलं तर म्हणाला, हा आमच्याकडचा रिवाज: गाडीत चढताना ज्याओझ, उतरल्यावर शेवया. निघणाऱ्याला कडा घट्ट मिटलेले ज्याओझ द्यायचे म्हणजे घरच्यांशी पुन्हा गाठ पडते. आणि येणाऱ्याला लांब शेवया, त्या पायाला बांधून ठेवतात.

मी वाटी खाली ठेवली. डोळ्यांपुढे सरळ आपला ओटा आला.

आई, यंदा गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघालो. गौरींना निरोपाच्या नैवेद्याला मुरडीचे कानवले केले होतेस, गौरीने मुरडून परत यावं म्हणून. त्यातलेच सहा तू स्टीलच्या डब्यात भरलेस. बाबा ताणकाट्याला बॅग टांगून "साडेतेवीस, साडेतेवीस" ओरडत होते. मी चेन उघडली, डबा काढला, ओट्यावर ठेवला आणि म्हणालो, "कसले कानवले घेऊन जायचे तिकडे, तिथे सगळं मिळतं." तू "बरं" म्हणालीस आणि हात पुसत आत गेलीस. अर्धा किलो जास्त होतं, एवढ्यासाठी! त्याच बॅगेत मी बुटांचा दुसरा जोड तसाच ठेवला होता, आणि ते बूट अजून खोक्यातच आहेत.

कानवला नैवेद्याचा असतो एवढंच मला ठाऊक होतं. तो निघणाऱ्यासाठी असतो, हे शेनयांगच्या एका बाईच्या भाच्याकडून कळायचं होतं. त्या डब्यातले कानवले पुढे कुणी खाल्ले, की तसेच राहिले, हे मी तेव्हा विचारलं नाही.

उठताना आयीने गोठवलेल्या ज्याओझची एक पिशवी हातात दिली आणि बोटांनी तीन दाखवले, तीनदा गार पाणी. पैसे घेतले, तेवढी ती व्यवहारी आहे. काल रात्री आठ उकडले. दोन फुटले.

बाबा, गुडघ्याचे व्यायाम सोडू नका. फिजिओथेरपिस्ट कंटाळवाणा आहे हे मान्य, तरी. मेच्या तिकिटांचं मी बघतोय. तुम्ही दोघं आलात की आधी देऊळ, मग आयीकडे. आईसाठी नुसत्या भाजीचे करून द्यायला सांगेन, अंड्याशिवाय. आलात म्हणजे शेवया आधी खाव्या लागतील.

तुमचा,
बाळ्या

ता. क. आई, तुझ्या मापाने मैदा आणि रवा आणून ठेवलाय. मोहन किती घालायचं, आणि मुरड तू उजवीकडून घालत आणतेस की डावीकडून? मी तीन वेळा करून पाहिली, तिन्ही वेळा शेवटचं टोक सुटलं.