चकाकीपेक्षा बॅटरी पाहा

महोदय,

आलिशान इलेक्ट्रिक एसयूव्ही सेकंडहँड घेणारे अजूनही किलोमीटरचा आकडा आणि रंगाची चकाकी पाहून सौदा ठरवतात, याचे नवल वाटते; गाडीचे खरे मोल तळाशी बसवलेल्या बॅटरीत असते. अनेक कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत बॅटरीची क्षमता ७० टक्क्यांखाली न जाण्याची हमी देतात. ती नव्या मालकाला लागू होते का, हे लेखी घ्यावे आणि उरलेल्या क्षमतेचा अहवालही मागावा. मी पाहिलेल्या एका गाडीतील आसने कोरी करकरीत होती, पण टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत झिजले होते. अडीच टनांचे धूड, दुसरे काय होणार! जुन्या मालकाचे ॲपवरील खातेही काढून टाकायला लावावे, नाहीतर गाडीची किल्ली त्याच्याच मोबाइलमध्ये राहते.

– एक वाचक