टिकीच्या मुखवट्याआधी धुराडे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की आपल्या दैनिकात दोन प्रकारचा मजकूर हमखास येतो. आतल्या पानावर बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबाच्या गुदमरण्याची बातमी असते आणि रविवारच्या पुरवणीत दिवाणखान्यातल्या फायरप्लेसची रंगीत छायाचित्रे असतात. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असावा, असे मात्र त्या मजकुरावरून वाटत नाही. ग्वाल्हेरात जानेवारीत पारा पाच अंशांखाली उतरणे नवलाचे नसल्यामुळे घरात शेकण्याची कायमची जागा असावी ही इच्छा रास्तच आहे. माझी तक्रार एवढीच आहे की नव्या वसाहतींत मी जी कामे पाहिली, त्यांत दर्शनी भागावर सढळ हाताने खर्च झालेला असतो आणि धुराड्याचा विचार सगळ्यात शेवटी, उरल्यासुरल्या पैशांत केलेला असतो.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते माझ्या पुतण्याच्या घराचे. कॅलिफोर्नियात काही वर्षे नोकरी करून तो इकडे परतला आणि सिटी सेंटर भागात घर बांधताना त्याने टिकी पद्धतीची फायरप्लेस हवी असा आग्रह धरला. मी स्थापत्य अभियंता म्हणून निवृत्त झालो असल्याने देखरेखीचे काम ओघानेच माझ्याकडे आले. ज्यांना टिकी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन बेटांवर लाकडात व दगडात कोरलेल्या मानवाकृती मूर्तींची मोठी परंपरा आहे. मार्केसास बेटांवर त्यांना टिकी म्हणतात आणि न्यूझीलंडच्या माओरींच्या कथांत टिकी हे पहिल्या मानवाचे नाव म्हणूनही येते. मोठे डोळे, रुंद पसरलेले तोंड आणि क्वचित बाहेर काढलेली जीभ, ही त्या चेहऱ्यांची खूण. अमेरिकेत १९३३-३४ च्या सुमारास हॉलिवूड आणि ओकलंड येथे या बेटांचा देखावा उभारणारी मद्यगृहे निघाली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये गेलेले सैनिक घरी परतले, १९४७ मध्ये नॉर्वेचे संशोधक थॉर हेयरडाल यांचा कोन-टिकी हा तराफा पेरूहून पॉलिनेशियापर्यंत पोहोचला, १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाले, आणि या सगळ्यामुळे ती हौस हॉटेलांतून घराघरांच्या अंगणात व तळघरांत उतरली. तेव्हा आपण ज्याला टिकी सजावट म्हणतो ती बरीचशी अमेरिकन माणसाने रंगवलेली बेटे आहेत, खरी बेटे नव्हेत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

या मूर्ती तिकडच्या लोकांच्या पूर्वजांच्या आणि देवतांच्या आहेत. गणपतीचे चित्र पायपुसण्यावर छापलेले दिसले तर आपण वर्तमानपत्राकडे धाव घेतो. तोच न्याय दुसऱ्यांच्या देवांनाही लावला पाहिजे, असे मी पुतण्याला सुचवले. त्याने ते मानले आणि कुठल्याही विशिष्ट देवतेची नक्कल न करता त्या शैलीतला एक मनचा चेहरा करावा असे ठरले. कोरण्याचे काम ज्या कारागिराकडे दिले त्याने कागदावरचे चित्र उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “बाबूजी, ये कौन से देवता हैं?” कोणीच नाहीत म्हटल्यावर तो निर्धास्त झाला. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कड्यात पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळी तीर्थंकरांच्या ज्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या, त्याच जातीच्या वालुकाश्मावर या भागातले हात पिढ्यान्‌पिढ्या वळलेले आहेत; त्यामुळे छिन्नीखाली दगड कुठे दाणा सोडेल आणि कुठे पापुद्रा, हे त्याला सांगावे लागले नाही. भुवयांच्या कडा त्याने तिरप्या उतरत्या ठेवल्या. समोरून उजेड पडला तरी डोळ्यांच्या खोबणीत सावली राहावी, हा त्यामागचा हिशेब होता.

खरी गाठ पडली ती तोंडापाशी. अशा फायरप्लेसमध्ये चेहऱ्याचे उघडे तोंड म्हणजेच आगीची जागा, आणि पुतण्याला ते गुहेसारखे खोल हवे होते, वरच्या ओठातून दगडी दात खाली लोंबायला हवे होते. दोन्ही गोष्टींना मी विरोध केला. उष्णतेचे अभ्यासक काउंट रम्फर्ड यांनी १७९६ मध्येच दाखवून दिले होते की कोनाडा उथळ, बाजूच्या भिंती बाहेरच्या अंगाला फाकलेल्या आणि वरचा धुराचा गळा अरुंद ठेवला तर उष्णता खोलीत परावर्तित होते व धूर नीट ओढला जातो. खोल गुहेतली आग दिसते छान, पण तापवते ती मागची भिंत. दातांची अडचण वेगळी होती. वालुकाश्मात क्वार्ट्झ भरपूर असते आणि सुमारे ५७३ अंश सेल्सिअसला त्याच्या स्फटिकांची रचना बदलून ते एकाएकी प्रसरण पावते, शिवाय दगडात मुरलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडू पाहते. अशा दगडाला थेट ज्वाळा लागली तर त्याच्या कपच्या उडतात, आणि त्या शेकणाऱ्यांच्या दिशेने उडतात. म्हणून आगीची पेटी आम्ही भट्टीच्या विटांची, फायर क्लेच्या, म्हणजे आच सोसणाऱ्या मातीच्या, पातळ सांध्यांत स्वतंत्र बांधली आणि कोरीव चेहरा तिच्यापुढे, मध्ये सिरॅमिक वूलचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या लोकरीसारख्या तंतूंचा, थर सोडून, दर्शनी आवरण म्हणून उभा केला. दात आले, पण ज्वाळेच्या वाटेतून बाहेर, दर्शनी पृष्ठावर. साध्या सिमेंटचे सांधे पेटीत चालत नाहीत, तापून ते भुसभुशीत होतात, हे आपल्याकडच्या मिस्त्रींना आवर्जून सांगावे लागते.

या कामासाठी आधी शहरातल्या एका सजावटकाराकडून प्रस्ताव मागवला होता. त्यात चेहरा फायबरग्लासचा, वर दगडी रंग, सभोवती बांबू आणि सुक्या गवताची झालर, आत स्पिरिटवर जळणारा दिवा आणि धुराड्याची गरजच नाही अशी ग्वाही होती. बेटांचा आभास आणण्यासाठी बांबू-गवत हवेच असेल तर ते समोरच्या भिंतीवर लावावे. आगीच्या तोंडालगत बांबूची बंद पेरे तापून फुटतात आणि फायबरग्लास पेटले तर त्याचा धूर विषारी असतो. स्पिरिटला धूर नसला तरी ते खोलीतलाच प्राणवायू वापरते, हेही त्या प्रस्तावात कुठे नव्हते.

आता धुराडे. आमच्या तोंडाची रुंदी ३० इंच व उंची २४ इंच, म्हणजे क्षेत्रफळ ७२० चौरस इंच. धुराच्या नळाचा आतला छेद त्याच्या सुमारे एक-दशांश लागतो, म्हणून ९ इंच चौरस नळ ठेवला. धुराडे छतातून जिथे बाहेर पडते तिथून किमान ३ फूट वर जावे आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याच्यापेक्षा २ फूट उंच असावे, हा जुना व भरवशाचा नियम आहे. आपल्या गच्च्यांवर जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी अगदी जवळ असतात, त्यांच्यावरून उतरणारा वारा धूर परत खाली लोटतो. त्यामुळे जागा ठरवताना आधी गच्ची पाहावी लागते, दिवाणखाना नंतर. आणि येथेच बहुतेकांची फसगत होते, कारण स्लॅब पडल्यावर नेमकी त्या जागी तुळई आलेली असते. तुळई तोडता येत नाही, मग पत्र्याचा नळ दोन कोपरे वळवून खिडकीतून बाहेर काढतात. तो धूर बाहेर नेण्याऐवजी घरातच सोडतो आणि वर्षभरातच फायरप्लेसमध्ये कृत्रिम फुले ठेवली जातात. वरच्या तोंडाला जाळीची टोपी हवी, नाहीतर पारवे पावसाळ्यात घरटे करतात. थंडीपूर्वी एकदा आरशाने नळ आरपार पाहून घ्यावा. कोंडलेल्या आगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने धरते. तुंबलेले धुराडे आणि बंद खोलीतली शेगडी यांत त्या वायूच्या दृष्टीने फरक नाही.

आणखी एक गोष्ट कामाच्या शेवटी ध्यानात आली. घराच्या खिडक्या घट्ट बसणाऱ्या आहेत. स्वयंपाकघरातली विजेची चिमणी सुरू करताच टिकीच्या तोंडातून धूर उलटा खोलीत येऊ लागला, कारण बाहेर जाणाऱ्या हवेची भरपाई तिने धुराड्यातूनच केली. पेटीजवळ बाहेरची हवा आणणारा चार इंची नळ बसवल्यावर ते थांबले. एवढे करूनही उघड्या आगीची बरीचशी ऊब धुराड्यावाटे निघून जातेच. ज्यांना निव्वळ खोली तापवायची आहे त्यांनी विजेचा हीटर घ्यावा, असेच मी सांगेन; फायरप्लेस हा हौसेचा मामला आहे आणि हौसेसाठी करायचे तर व्यवस्थित करावे.

माझी विनंती दुहेरी आहे. शहरातील वास्तुविशारदांनी फायरप्लेसची मागणी असलेल्या घराच्या पहिल्याच नकाशात धुराड्याची जागा व उंची दाखवावी, आणि तुळयांची आखणी त्यानंतर करावी. आपण मात्र पुरवणीत अशा सजावटीची छायाचित्रे छापताना शेजारी तिचा उभा छेदही छापावा, म्हणजे मुखवट्यामागे काय असते ते घर बांधणाऱ्याला कळेल. आमच्या कामाच्या उभ्या छेदाचे मोजमापांसह रेखाचित्र सोबत जोडले आहे. जागेअभावी काही गाळावे लागलेच तर पत्रातला मजकूर गाळावा, रेखाचित्र राहू द्यावे.

आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
लष्कर, ग्वाल्हेर