ती. आई-बाबांना: तिकिटं पुढे ढकललीयत

डुलुथ, १ फेब्रुवारी २०२४

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर होईना म्हणून लिहितेय. तिकिटं बदलली. ९ ला निघणार होतो, ते आता २० ला निघू. म्हणजे १३ तारखेला बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नाही. बाबा म्हणतील, त्यात काय, अर्ध्या तासाचं काम. आई काहीच म्हणणार नाही, आणि तेच मला इथपर्यंत ऐकू येतं.

पण कारण ऐकून घ्या. १७ आणि १८ ला मिनियापोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कात क्रॉस-कंट्री स्कीइंगचा, म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून, हातात काठ्या घेऊन बर्फावरच्या चढ-उतारांवरून पळायच्या शर्यतींचा, वर्ल्ड कप आहे. अमेरिकेत तो २००१ नंतर पहिल्यांदाच होतोय. मार्च २०२० मध्ये इथेच व्हायचा होता, कोविडमुळे आठवड्यावर आलेला रद्द झाला. ईशानच्या टीमची अकरा पोरं जाणार, सोबत तीन मोठी माणसं हवीत, आणि व्हॅन चालवणाऱ्या दोघांतली एक मी. मी नाही म्हटलं तर पाच पोरं घरी बसतात. दुसरं कोणी मिळतं का ते विचारून झालं, आई. खरंच विचारलं.

आणि बाबा, खासबागेत कुस्ती बघताना मला खांद्यावर घेऊन 'हात नको बघू, पाय बघ' कोण म्हणायचं? हे तेच आहे. व्हिडिओत चढ सपाट दिसतो. जेसी डिगिन्स इथल्याच आफ्टन गावची, २०१८ ला ऑलिंपिकचं सुवर्ण आणलेली. ती दहा फुटांवरून धापा टाकत चढताना दिसली की पोरांना जे कळेल, ते आम्ही वर्षभर ओरडून कळत नाही.

फक्त खासबागेत कुठेही बसलं तरी आखाडा दिसतो, इथे उलटं. वाट झाडीतून वळत जाते. उतारावर उभं राहिलात तर खेळाडू सुर्रकन जातो, हाती काही लागत नाही. म्हणून आम्ही चढाच्या वरच्या टोकाला उभे राहणार. तिथे दम संपलेला असतो आणि पाय खरं बोलतात. सपाटीवर दर पावलाला दोन्ही काठ्या पडतात, चढ उभा झाला की दोन पावलांत एकदाच. हा बदल कोण कधी करतो, ते बघायचं. बहुतेक पोरं फार लवकर बदलतात आणि वेग घालवून बसतात. चांगला खेळाडू माथ्यावर थांबत नाही, उतार लागेपर्यंत पाच-सहा पावलं जास्त मारतो. ईशान नेमका तिथेच काठ्या सैल सोडतो. तुमचाच नातू, गड चढला की आधी बसायला दगड शोधायचा.

शनिवारी स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराची शर्यत. आधी एकेकटे धावून तीस जण निवडतात, मग सहा-सहांच्या पाच फेऱ्या. प्रत्येकीतले पहिले दोन पुढे, शिवाय उरलेल्यांतले वेळेनुसार दोन. ते बघायला सोपं. रविवारी १० किलोमीटर, दर तीस सेकंदांनी एक जण सुटतो, त्यामुळे समोरून आधी गेलेला पुढे आहे असं नसतं. बाबा, हे गणित तुम्हाला आवडेल. १२ नंबरवाला समोरून गेला की घड्याळ सुरू करायचं. २० नंबरवाला त्याच्या चार मिनिटं मागून सुटलेला. तो तीन मिनिटं पन्नास सेकंदांनी आला, तर दहा सेकंदांनी पुढे आहे. दोन पोरं नंबर सांगणार, एक लिहिणार. पेन्सिलनेच, पेनाची शाई थंडीत गोठते.

आई, आता तुझं. यंदा बर्फच नाही, वाट मशीनच्या बर्फाची आहे, म्हणून थंडी नसेल असं समजू नकोस. पाच तास उभं राहायचं म्हणजे थंडी तळव्यातून चढते. त्यासाठी एक नंबर मोठे बूट घेतलेत. दोन जाड मोजे कोंबले की रक्त अडतं आणि बोटं जास्त गारठतात, म्हणून लोकरीचा एकच. पायाखाली टाकायला फोमच्या चटईचे तुकडे कापून ठेवलेत. अंगाशी लोकर, सुती काही नाही. घाम आला की सुती ओलं राहतं. थर्मासात आधी उकळतं पाणी दहा मिनिटं ठेवून ओतून द्यायचं, मग खिचडी भरायची, तरच दुपारपर्यंत गरम राहते. पाण्याची बाटली पिशवीत उलटी, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो, तोंडाशी नाही. तुझे डिंकाचे लाडू बाहेरच्या खिशात ठेवले तर दगड होतात, दात पडेल कुणाचा तरी. ते स्वेटरच्या आत.

झोपायला हॉटेल आहे, गादी आहे, काळजी नको. अडीच तासांचा रस्ता, पण रविवारी रात्री परतायचं नाही असं मीच ठरवलं. दिवसा वितळलेलं पाणी रात्री काचेसारखं गोठतं आणि डांबरावर दिसतही नाही. सोमवारी सुट्टी आहे, उजाडल्यावर निघू.

आता तुम्ही दोघं ऐका. बाबा, डोळा चोळायचा नाही, चेहऱ्यावर पाणी मारायचं नाही, खाली वाकून चपला शोधायच्या नाहीत. रात्री डोळ्यावर ते झाकण लावूनच झोपायचं. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं, घड्याळ लावून. आई, तू घालायचे नाहीस, तुझा हात थरथरतो. वहिनी घालतील. रागावू नकोस. दादा दोन दिवस सुट्टी घेतोय. त्याला 'तू जा कामावर' म्हणायचं नाही, मागच्या गणपतीत झालं ते पुन्हा नको. स्वयंपाकाच्या मावशींना दोन्ही वेळचं सांगितलंय, पैसे दिलेत. पोळ्या जाड झाल्या तर पंधरा दिवस खाऊन घ्या.

१८ ला तुमच्याकडे रात्री नऊ वाजता फोन लावेन, तेव्हा इथे सकाळचे साडेनऊ असतील. फार बोलणार नाही, थंडीत फोनची बॅटरी बसते, आणि हातमोजा काढावा लागतो.

इथे लोक वाटेच्या कडेला गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. खरंच. बाजारातली घेऊ म्हटलं तर ईशानने कपाटातून बेंदराची आपली पितळी घंटा काढली, सर्जा बैलाची. दोरी कुजलीय, मी नाडी ओवून दिली. आवाज तोच आहे, आई.

तुमची,
लेक