मेंबर चिडला तरी चालेल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर बोलत होतास तेव्हा मागून चेंडू मारल्याचे आवाज येत होते, म्हणून मी आवरतं घेतलं. ड्यूटीवर असताना लक्ष रेंजवर, गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, हवं. शिवाय दंगा करणाऱ्या मेंबरांना कसं आवरायचं हे तू विचारलंस, त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं.

मला समजलं ते असं. रविवारी संध्याकाळी चार-पाच जणांचा घोळका येतो. लागून असलेल्या दोन बे, म्हणजे उभं राहून मारायच्या जागा, घेतात, बाकावर स्पीकर ठेवून गाणी लावतात, पळत येऊन ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारी काठी, फिरवतात. चेंडू गोळा करणारी गाडी मैदानात उतरली की तिच्यावर नेम धरतात आणि लागला की टाळ्या पिटतात. त्यांच्यातला एक जण शेजारी एकटीने सराव करणाऱ्या मुलीला न विचारता ग्रिप, म्हणजे काठी कशी धरायची ते, शिकवायला जातो. तू हटकलंस तर "तू कोण?" म्हणाले. वर त्यांनीच तक्रार केली, आणि मॅनेजरांनी तुलाच सांगितलं की जुने मेंबर आहेत, जरा सांभाळून घे.

कुठे सांभाळून घ्यायचं आणि कुठे अजिबात नाही हे ठरवणं हीच तुझी नोकरी आहे. चेंडूंची बकेट भरून देणं कोणीही करेल.

गाडीपासून सुरुवात करतो, कारण तिथे सांभाळून घेण्यासारखं काहीच नाही. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम वजनाचा, मुठीत सहज मावणारा. पण साध्या हौशी माणसाच्या ड्रायव्हरचं डोकंसुद्धा ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास फिरतं आणि चेंडू ताशी दोनशेच्या वर सुटतो. 2018 मध्ये पॅरिसजवळ रायडर कप ही युरोप-अमेरिका स्पर्धा चालू असताना ब्रूक्स केप्काचा चेंडू प्रेक्षकांत गेला आणि एका बाईंच्या एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली. त्याच वर्षी यूएस ओपन जिंकलेला खेळाडू तो, आणि त्याने कुणावर नेम धरला नव्हता. तुझ्याकडचे लोक तर मुद्दाम माणूस बसलेल्या गाडीवर मारतात.

गाडीला जाळी आहे, असं ते म्हणतील. पण चेंडू उचलणाऱ्या पिकरमध्ये काही अडकलं किंवा चाक चिखलात रुतलं की आतला माणूस खाली उतरतो, आणि लांबून मारणाऱ्याला ते दिसतही नाही. आमच्या वेळी तर गाडीच नव्हती. आम्ही पोरं एका हातात टोपली आणि दुसऱ्या हातात पत्र्याचं झाकण घेऊन मैदानात चेंडू वेचायचो, आणि मारणं चालूच असायचं. माझ्या खांद्यामागची गाठ तू लहानपणी दाबून बघायचास, ती तिथलीच. तेव्हाही कुणीतरी मुद्दाम मारलं होतं आणि कुणीतरी हसलं होतं. म्हणून सांगतो, गाडीवरचा नेम पाहून हसणारा माणूस मला बाकी कितीही सभ्य वाटला तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

तेव्हा असा एक जरी चेंडू दिसला तरी भोंगा वाजव आणि सगळ्याच बेमधलं मारणं थांबव. नुसती त्यांची बे थांबवलीस तर तो तुझा आणि त्यांचा खाजगी वाद होतो. सगळ्यांचा सराव थांबला की का थांबला हे सगळ्यांना कळतं, आणि मग त्या घोळक्याकडे तुला बघावं लागत नाही, बाकीचेच बघतात. गाडी बाहेर येऊ दे. उरलेल्या चेंडूंचे पैसे परत दे, पण त्या दिवशी त्यांना पुन्हा मारू देऊ नकोस. इथे आधी समज, मग ताकीद अशा पायऱ्या नाहीत.

लाइन, म्हणजे जिच्या मागून चेंडू मारायचे ती रेघ, ओलांडणंही याच जातीचं. टी, चेंडूखालची खुंटी, पुढे उडाली म्हणून माणूस दोन पावलं पुढे जातो, चेंडू घसरत गेला म्हणून वाकून उचलतो. यात खोडी नसते, पण शँक झालेला चेंडू क्लबच्या, म्हणजे काठीच्या, मानेला लागून जवळजवळ आडवाच उजवीकडे जातो, आणि मारणाऱ्यालाही तो कुठे गेला ते आधी कळत नाही. उजव्या बाजूच्या बेमधला माणूस दोन पावलं पुढे असला तर तो नेमका त्या वाटेत उभा असतो. म्हणून डावखुरा कोणी आला तर त्याला मैदानाकडे तोंड करून डाव्या हाताच्या टोकाची बे दे. त्याचा चुकलेला चेंडू बाहेरच्या बाजूला जाईल. ही व्यवस्था मला एका जुन्या कॅडीमास्तरने, खेळाडूंच्या बॅगा उचलणाऱ्या कॅडींच्या प्रमुखाने, शिकवली, अजूनही बऱ्याच ठिकाणी ती पाळत नाहीत.

लहान मुलांवर तर डोळा ठेवच. वडील स्विंग घेत असतात आणि पोर "बाबा, बाबा" करत मागून धावत येतं. क्लब मागे जाताना मारणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. मूल दिसलं की आधी मुलाला अडव, पालकांशी नंतर बोल. पळत येऊन मारणारेही याच कारणाने थांबवायचे. ओल्या मॅटवर पाय सरकला की क्लब हातातून सुटतो, आणि तो कुठल्या बेत जाईल याचा नेम नसतो.

आता बोलायचं कसं. मागून कधी जाऊ नकोस. माणसाला तू दिसशील अशा बाजूने जा, पण लाइनच्या मागे राहून. त्याचा स्विंग पूर्ण होऊन क्लब खाली येईपर्यंत थांब. बॅकस्विंगमध्ये, क्लब मागे जात असताना, हाक मारलीस तर तो रागावेल, आणि ते योग्यच असेल. घोळक्याशी एकदम बोलू नकोस. ज्याच्या नावाने बे घेतली आहे त्याला दोन पावलं बाजूला बोलाव आणि एकट्याशी बोल. चारचौघांत कुणाचा आवाज उतरत नाही, एकट्याचा उतरतो. "असं करू नका" म्हणण्यापेक्षा काय करा ते सांग: "सर, आता ड्रायव्हर ठेवा, सेव्हन आयर्न घ्या, आणि दीडशेच्या झेंड्यावर मारून बघा." बहुतेक जण ऐकतात. त्यांना मजा करायची असते, आणि रेंजवरची मजा कशात आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यांच्या क्लबला किंवा अंगाला मात्र हात लावायचा नाही, काही झालं तरी. कोणी प्यायलेला असेल तर वाद न घालता चेंडू द्यायचं बंद कर आणि सिक्युरिटीला बोलाव.

गाण्यांच्या बाबतीत माझं मत थोडं मवाळ आहे, तुला कदाचित पटणार नाही. 2000 साली इंग्लंडमध्ये वॉटफर्डला टॉपगोल्फ सुरू झालं. तिथे गाणी, खाणं, गप्पा आणि चेंडू मारणं हे सगळं एकत्रच चालतं. तशी ठिकाणं आता जगभर झाली आहेत. तिथे जाऊन आलेल्या किंवा व्हिडिओत पाहिलेल्या माणसाला रेंज म्हणजे तेच वाटतं. तो चुकीच्या ठिकाणी आलेला असतो, वाईट माणूस असतोच असं नाही. तुमची रेंज सरावाची आहे. तिथे स्पर्धेची तयारी करणारी मुलं येतात, आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा उभं राहायला शिकणारे आजोबाही येतात. त्यांना स्वतःच्या चेंडूचा आवाज ऐकू यावा लागतो, कारण फटका बरोबर बसला की नाही हे निम्मं कानाने कळतं. म्हणून स्पीकर बंद, कानात घालून ऐका, एवढंच सांग. आणि मॅनेजरांना सुचव की रविवारी संध्याकाळी उजव्या टोकाच्या दोन-तीन बे घोळक्यांसाठी ठेवाव्यात, मध्ये एक बे रिकामी सोडून. हसणं-बोलणं तिथे चालू दे.

त्या मुलीचं मात्र वेगळं आहे. न मागता शिकवणं हा रेंजवरचा सगळ्यात जुना रोग आहे, आणि बायका-मुलींना तो सगळ्यात जास्त सोसावा लागतो. स्वतःचे चेंडू शंभर यार्डही सरळ जात नाहीत असे पुरुष दहा वर्षं खेळलेल्या मुलीला कोपर कुठे ठेवायचं ते सांगतात. तू म्हणालास की तिला दुसरी बे देऊ का. नको. जागा त्याची बदल, तिची नाही. ती पैसे भरून आली आहे, काही केलेलं नाही, आणि उठून जावं लागलं तर पुढच्या रविवारी येणार नाही. त्या माणसाला सांग, "सर, इथे शिकवायचं काम कोचचं आहे, तुम्ही कृपा करून तुमच्या बेमध्ये या." मग तिच्याकडे जाऊन एकदाच विचार, काही त्रास आहे का, आणि निघून ये. तिच्याशी गप्पा मारत उभा राहू नकोस, नाहीतर तोच त्रास तू देशील.

तू ज्या शहरात आहेस त्या बेंगळुरूचीच गोल्फपटू अदिती अशोक. घरच्यांबरोबर नाश्त्याला गेलेली असताना शेजारची रेंज तिला दिसली, तेव्हा ती जेमतेम पाच वर्षांची होती. कुतूहल वाटलं म्हणून आत गेली. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तुझ्या रेंजवर रविवारी जी मुलं जाळीला नाक लावून बघत उभी असतात, त्यांना आत काय दिसतं याचा विचार कर.

"तू कोण?" हे तुला लागलं, तुझ्या आवाजावरून कळलं. मलाही आयुष्यभर ऐकावं लागलं आहे. अली शेर दिल्लीला कॅडी होते. 1991 साली ते इंडियन ओपन जिंकले, ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक, आणि 1993 मध्ये पुन्हा जिंकले. एस. एस. पी. चौरासियांचे वडील रॉयल कलकत्त्याला मैदानाची निगा राखायचे, आणि मुलाने 2016 आणि 2017 असं लागोपाठ दोनदा इंडियन ओपन घेतलं. या खेळात बॅग उचलणाऱ्याची, गवत कापणाऱ्याची आणि चेंडू वेचणाऱ्याची जागा कुणाच्या मेहेरबानीवर मिळालेली नाही. तेव्हा पुन्हा कोणी विचारलं तर चिडू नकोस आणि नजरही खाली घालू नकोस. सरळ सांग, "मी या वेळचा रेंज इन-चार्ज आहे, मैदानात असलेल्या माणसांची जबाबदारी माझ्यावर आहे." मेंबर चिडला तर चिडू दे. घरी जाईल, चहा घेईल, शांत होईल.

मॅनेजरांचा मला राग नाही. त्यांना वर्गणी सांभाळायची असते. पण तोंडी "सांभाळून घे" यावर काम करू नकोस. 2019 पासूनच्या गोल्फच्या नियमांत, 1.2 मध्ये, खेळाडूने प्रामाणिक राहावं, दुसऱ्यांची कदर करावी आणि मैदान जपावं असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि क्लबांना स्वतःची आचारसंहिता करायची मुभाही आहे. तो नियम मैदानावरच्या खेळासाठी आहे, पण रेंजसाठी असंच एक पान करायला कुणाची हरकत नसावी. तू एक अर्ज लिही: गाडीवर मारलं, लाइन ओलांडली किंवा कुणाला त्रास दिला तर त्या दिवसापुरतं बंद करण्याचा अधिकार ड्यूटीवरच्या माणसाला असावा, आणि त्यावर मॅनेजरांची सही असावी. मग फलक लावा, कन्नड, इंग्रजी आणि हिंदीत, पाच-सहा ओळींचा. लांबलचक फलक कोणी वाचत नाही.

एक वहीही कर. तारीख, वेळ, बे नंबर, काय पाहिलं, काय बोललास, शेजारी कोण होतं. "उद्धट", "माजोरडे" असले शब्द त्यात नकोत. काय घडलं तेवढंच. पुढची तक्रार आली की मॅनेजरांसमोर ती वही ठेव.

अर्ज देण्याआधी मला वाचून दाखव. आणि गाडी चालवणाऱ्या त्या पोराला उद्याच विचार: त्याच्याकडे हेल्मेट आहे का, आणि खाली उतरायच्या आधी तुला खूण करायची ठरली आहे का. नसेल तर अर्ज, फलक, वही सगळं नंतर, आधी ते.

तुझे,
बाबा